‘छान झालंय. कोण गातंय?’

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या ताई 42 वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या, बँकेत नोकरीला. आई 73 वर्षांची. जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या, थोडे अभंग आईला तोंडपाठ आहेत. ते तिच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून गेली दोन वर्षं सुट्टीला माहेरी गेलं की ताई ते रेकॉर्ड करतात. सुरुवातीला फोनवर, मग यूएसबी माइक आणून लॅपटॉपवर. 41 गाणी जमली. आईच्या पंचाहत्तरीला त्यांतली बारा निवडून नातेवाइकांना द्यायची आणि यूट्यूबवर टाकायची असं ठरलं, आणि तिथून घोळ सुरू झाला. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर, बांगड्या, कुकरची शिट्टी, मध्येच खोकला. ताईंनी ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि रोज रात्री अकरानंतर साफसफाईला बसू लागल्या. पंखा गेला, पण मागे लावलेला तानपुरा पाण्यात बुडवल्यासारखा येऊ लागला. आईचे सगळे श्वास कापले, तर ऐकताना आपल्यालाच धाप लागते. पुण्याचा भाचा म्युझिक प्रॉडक्शन शिकतोय. त्याने एक ओवी मागून घेतली, सूर ‘सरळ’ केले, तालाच्या चौकटीत बसवली, खाली तबल्याचा लूप टाकला. आईला ऐकवली. आई म्हणाली, ‘छान झालंय. कोण गातंय?’ तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे. त्या विचारतात, एवढं एडिटिंग म्हणजे आईच्या आवाजाशी खोटेपणा आहे का? की काहीच न करता आहे तसं द्यावं? स्टुडिओत द्यावं की महागडं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि हे काम संपतच का नाही?

ताई,

आईचा तो प्रश्न वाचून मी आधी हसले, मग थांबले. तुम्ही मात्र त्याचा अर्थ लावून मोकळ्या झालात: आईला आपला आवाज ओळखू आला नाही, म्हणजे माझ्या हातून पाप घडलं. असेलही. पण आयुष्यभर चारजणींत बसून गायलेली बाई स्वतःचा आवाज स्पीकरवर ऐकतेय, त्यात खाली तबला. ती कौतुकाने बोलली, चेष्टेने बोलली की दुखावून, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. आपला आवाज बाहेरून ऐकला की कुणालाच तो आपला वाटत नाही. गाताना तो कवटीच्या हाडांतूनही आपल्या कानात पोचत असतो. रेकॉर्डिंगमध्ये ती वाट बंद असते. तेव्हा भाच्याने हात न लावलेली फाइलही तिला एकदा ऐकवा. तिथेही ती ‘कोण गातंय’ म्हणाली, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

आता उरलेला निम्मा. तुमच्या पत्रात ‘क्लीन’ हा शब्द नऊ वेळा आलाय, मी मोजला. भांडं घासताना डाग कुठला आणि कल्हई कुठली ते आपल्याला दिसतं. आवाजात ते कळायला वेळ लागतो, आणि तुम्ही घासणी आधी हातात घेतलीत.

तानपुऱ्याचंच बघा. नॉइज रिडक्शन काय करतं? तुम्ही त्याला नकोशा आवाजाचा एक तुकडा दाखवता. तो तुकडा कुठल्या कंपनसंख्येला किती जोराचा आहे हे ते लक्षात ठेवतं आणि पुढे सगळीकडून तेवढं खाली दाबत जातं. आई गायला लागण्याआधीचे चार सेकंद तुम्ही नमुना म्हणून दिलेत, असं लिहिलंय. त्या चार सेकंदांत पंखाही होता आणि तानपुराही. सॉफ्टवेअरच्या लेखी दोघांत काही फरक नाही. दोघेही अखंड, एकसुरी वाजतायत. तुम्हीच त्याला सांगितलंत की हा कचरा आहे, आणि त्याने गुमान तानपुरा काढून टाकला. दाबूनही मधूनमधून जे वर डोकावतं त्यालाच आपण ‘पाण्यात बुडवल्यासारखं’ म्हणतो. त्या फाइलींत तानपुरा सुरू करण्याआधीचा, नुसत्या पंख्याचा एखादा सेकंद सापडतो का शोधा. तो नमुना द्या आणि आवाज सहा डेसिबलनेच खाली आणा, जास्त नाही. पंखा थोडा ऐकू येईल. येऊ दे. कान पहिल्या अर्ध्या मिनिटात पंख्याला सरावतो. बुडबुड्यांना सरावत नाही. नमुना सापडलाच नाही, तर त्या फाइलींवर हे हत्यार चालवूच नका.

घरघरीमागे एक बारीक ‘हूं’ असतो, तो पंख्याचा नसतो, विजेचा असतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून हा आवाज 50, 100, 150 असा पायऱ्यांनी येतो. पुढच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने तो जातो. जुन्या फाइलींत 80 हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने काढून टाकलंत तरी आईच्या आवाजाला धक्का लागत नाही. पण 150 ला हात लावताना जपून. आई काळी चारमध्ये गाते असं तुम्ही लिहिलंय. त्या पट्टीचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘प’, 155 च्या आसपास पडतो. तिथे रुंद फिल्टर लावलात तर ‘हूं’बरोबर आईचा खालचा पंचमही पातळ होईल, आणि मग तुम्ही म्हणाल आवाजात पूर्वीसारखा भरणा नाही.

श्वासांबद्दल मला स्वतःचीच एक चूक सांगावी लागेल. मी एडिटिंग शिकले नभोवाणीवर, ब्लेडने. एका म्हाताऱ्या कीर्तनकारबुवांचं रेकॉर्डिंग होतं आणि ते दिलेल्या वेळेत बसत नव्हतं. मी नवी, उत्साही. त्यांचे सगळे दम काढले. टेपचे ते कपटे टेबलावर शेवयांसारखे पसरले होते. चाळीसेक सेकंद वाचले, कार्यक्रम बसला, मी खूष. प्रसारणानंतर बुवा भेटायला आले. रागावले नाहीत. म्हणाले, ‘बाई, मी तिथं थांबलो होतो ते लोकांनी पुढचा शब्द मनात म्हणावा म्हणून. तुम्ही त्यांना म्हणूच दिला नाही.’ तेव्हापासून मी श्वास कापत नाही, फार तर खाली आणते. फार मोठा, माइकवर आदळणारा श्वास असेल तेवढाच तुकडा निवडून सहा-सात डेसिबलने कमी करा. बाकीचे ठेवा. 73 व्या वर्षी एका ओळीला दोनदा श्वास लागतो, हाही त्या गाण्याचाच भाग आहे. आणि ऐकणाऱ्याची छातीही कधी कधी नकळत गाणाऱ्याबरोबर वरखाली होत असते. तुम्हाला धाप लागली ती बहुधा त्यामुळेच.

कापायचं कसं, हेही त्या ब्लेडकडूनच शिकण्यासारखं आहे. पाव इंची टेप आम्ही सरळ कधी कापत नसू. खाचेत टेप बसवायची आणि 45 अंशांत तिरपी कापायची, मग मागून चिकटपट्टी. तिरपी का? सरळ कापली की जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो. तिरप्या जोडावर पहिला आवाज उतरत असतानाच दुसरा चढत येतो. सेकंदाला साडेसात इंचांच्या वेगाने पाव इंचाची ती तिरपी रेघ सरकायला सुमारे 33 मिलिसेकंद लागतात. तुमच्या सॉफ्टवेअरमधला क्रॉसफेड म्हणजे हीच रेघ. तेव्हा प्रत्येक जोडावर 10 ते 30 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या. खोकला काढून जिथे नुसती शांतता ठेवली आहेत तिथे ती निःशब्द पोकळी ठेवू नका. त्याच रेकॉर्डिंगमधला खोलीचा रिकामा आवाज आणून भरा. पंखा चालू असलेल्या खोलीत अर्धा सेकंद पंखाच नाहीसा झाला तर तो खोकल्यापेक्षा जास्त टोचतो. कुकरची शिट्टी दोन ओळींच्या मध्ये असेल तर कापा. शब्दावरच आली असेल तर मी म्हणेन राहू द्या, आणि ते गाणं बारांत घेऊच नका.

सुरांचं काय करायचं हा खरा वादाचा विषय. ऑटोट्यून हे सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर 1997 मध्ये बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डब्रँड त्याआधी जमिनीत हादरे सोडून, त्यांचे प्रतिध्वनी तपासून तेलाचे साठे शोधण्याच्या गणितात होते. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. तेलासाठी ठीक आहे. पण ही साधनं मुळात एका सप्तकाच्या बारा समान पायऱ्या धरून चालतात, आणि आवाज दोन पायऱ्यांच्या मध्ये दिसला की त्याला जवळच्या पायरीवर नेऊन बसवतात. एका पायरीचे शंभर भाग केले की एका भागाला सेंट म्हणतात. तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालच्या ‘सा’ची तार, नीट लागला की त्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, तो या पायरीवरच्या गंधारापेक्षा 14 सेंट खाली असतो. पेटीचा गंधार या समान पायरीवरचा. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बाहेरचा रस्ता दाखवला त्यामागे हाही एक वाद होता, आणि तिला परत आत यायला तीसेक वर्षं लागली. (मी स्वतः पेटीच्या बाजूची आहे, पण ते इथे नको.) तुमच्या आईने तानपुरा ऐकत लावलेला गंधार बरोबर होता. भाच्याच्या पडद्यावर तो ‘खाली’ दिसला, म्हणून त्याने वर ओढला. आता तो तानपुऱ्याशी भांडतोय.

दुसरी गोष्ट मींडेची. ओवीचा शेवटचा शब्द आई कसा सोडते ते आठवा. ती तो घसरत नेते, एका सुरावर ठेवत नाही. त्या उतरणीच्या पायऱ्या केल्या की गाणारी बाई निघून जाते आणि कीबोर्ड उरतो. तिसरी गोष्ट, तानपुऱ्याशिवाय गायलेल्या गाण्यांत शेवटपर्यंत पट्टी थोडी चढते किंवा उतरते. ते सलग ऐकताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. सॉफ्टवेअर मात्र कुठल्या तरी एका ओळीला ठरवतं की आता पुढची पायरी, आणि तिथे उडी ऐकू येते.

म्हणून अजिबात हात लावायचा नाही? तसंही मी म्हणणार नाही. एखाद्या ओळीत आईचा सूर साफ घसरला असेल आणि तिला स्वतःला तो खटकत असेल, तर पहिला उपाय म्हणजे तिच्याकडून ती ओळ पुन्हा गाऊन घेणं. ती आहे ना समोर! ज्यांची आई आता नाही असे वाचक मला लिहितात तेव्हा हा उपाय माझ्याकडे नसतो. त्यांनी तेवढा एक सूर मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने, कानाने, थोडासा हलवावा. आपोआप बसवण्याचं बटण दाबू नये.

तालाच्या चौकटीबद्दल तीनच वाक्यं. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याची: दाणे घालताना हात थांबतो, मग पुन्हा ओढ येते. आई आता दळत नसली तरी गाताना तिचा खांदा फिरत असेल, बघा. त्या खांद्याला मेट्रोनोम लावता येत नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न, खोटेपणाचा. मला वाटतं तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. तुम्ही दोन वेगळी कामं एकाच फाइलवर करताय. एक काम जपून ठेवण्याचं: आई काय गायची, कशी गायची, हे तुमच्या नातवंडांना कळावं. दुसरं काम भेटीचं: पंचाहत्तरीला आत्या, मामा, मावश्यांनी ऐकावं आणि सुखावावं. पहिल्या कामात खोकलासुद्धा काढायचा नाही. दुसऱ्यात खोकला काढला, तीनदा गायलेल्या ओवीतली चांगली ओळ निवडली, शेवट हळूच विरत नेला, यात खोटं काही नाही. फोटो फ्रेम करताना आपण कडा कापतोच. एकाच फाइलकडून दोन्ही अपेक्षा केल्या की काहीही कापलं तरी अपराधी वाटतं आणि काहीही ठेवलं तरी लाज वाटते. रात्री अकरा ते दीड तुम्ही नेमकं हेच करताय.

म्हणून आज एवढं करा. ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर. 41 च्या 41 फाइली, जशा रेकॉर्ड झाल्या तशा, त्यात. दोन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात. तिथल्या फाइलीवर कधीच एडिटिंग करायचं नाही, नेहमी तिची नक्कल उघडायची. फोनवरच्या जुन्या फाइली एडिटिंगला घेताना वाव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या फाइलीत, बदलून घ्या. त्याने गेलेलं परत येत नाही, पण दर वेळी एमपीथ्री करून सेव्ह केलं की आणखी थोडं जातं, ते थांबतं. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली-गेलेली प्रत मूळ म्हणून ठेवू नका. पाठवायचीच झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नवीन रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, मोनो ठेवा; मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी लागतात, म्हणजे तुमचा सगळा ठेवा दीड-दोन जीबीच्या पुढे जात नाही. पातळी अशी ठेवा की आईचा सर्वांत चढा सूरसुद्धा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये. पंखा नंतर कमी करता येतो. फाटलेला सूर शिवता येत नाही.

प्रत्येक फाइलीबरोबर एक कागद असू दे. कुणी गायलं, कुठे, कधी, कुणाकडून शिकली. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव सांभाळलेलं आहे म्हणून त्याचं मोल आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जाननी रेकॉर्डवर गाऊन झाल्यावर स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितलं होतं. रेकॉर्डी जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून, असं सांगतात. तुमच्या आईलाही गाण्याआधी नाव सांगू द्या. निदान ‘कोण गातंय’ हा प्रश्न तरी पुन्हा येणार नाही.

एका गोष्टीत सावध करते. तीन वेगवेगळ्या दिवशी गायलेल्या एकाच ओवीतल्या ओळी जोडताना शब्द नीट ऐका. ओवीत शब्द बदलतात. एकदा ‘बंधू’ असतो, एकदा ‘बाळ’. जोडलेली ओवी कदाचित आईने कधीच गायलेली नसेल. असं काही झालं तर जोड उलगडा.

आणि यूट्यूबचं. बारा गाणी कुठली, हे आईने ठरवलं आहे का? ओव्यांत सासू असते, नणंद असते, कधी नावानिशी असते. माजघरात सात बायकांपुढे गायलेली ओवी जगाने ऐकावी असं तिला वाटेलच असं नाही. ज्या आत्याला तुम्ही पेनड्राइव्ह देणार आहात, तिच्याच आईवर एखादी ओवी असू शकते. एका दुपारी सगळी 41 तिच्यासमोर वाजवा आणि तिला ‘हे द्या, हे नको’ म्हणू द्या. खोकला ठेवायचा की काढायचा हेही तिलाच विचारा. आपल्याला आईचा थरथरता आवाज खरा वाटतो, भरून येतं. तिला कदाचित तो लपवावासा वाटत असेल. ‘एवढं तरी नीट कर गं’ म्हणाली, तर करायचं. आवाज तिचा आहे.

काम संपत नाही याची आणखी दोन कारणं आहेत, दोन्ही साधी. पहिलं, तुम्ही डोळ्यांनी एडिटिंग करताय. पडद्यावर लाटा मोठ्या करून बघितल्या की प्रत्येक बारीक शिरशिरी डोंगराएवढी दिसते आणि कानाला कधी न कळलेली बांगडी तुम्ही कापत बसता. लॅपटॉप मिटा, गाणं लावा, कागद-पेन घ्या, आणि ऐकताना जिथे खरंच अडखळायला झालं तेवढीच वेळ लिहा: 1:12 कुकर, 2:40 खोकला. तेवढंच दुरुस्त करायचं. दुसरं, रात्री दीड वाजता कान थकलेले असतात. थकलेल्या कानाला मोठा आवाज चांगला वाटतो, म्हणून लावलेला प्रत्येक इफेक्ट सुधारणा वाटतो, कारण त्याने आवाज थोडा वाढलेला असतो. इफेक्टच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही सारख्याच आवाजावर आणून तुलना करा. निम्मे इफेक्ट तुम्ही स्वतःहून काढाल. एका गाण्याला एक बैठक, दुसऱ्या दिवशी सकाळी फोनच्या साध्या स्पीकरवर एकदा ऐकणं, आणि मग ते गाणं बंद.

सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. ऑडॅसिटी फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरतं. फक्त त्यातले जुन्या पद्धतीचे इफेक्ट मूळ आवाजावरच लागतात, म्हणून नकलेवर काम करायचं. केलेला प्रत्येक बदल नंतर उलटवता यावा असं वाटत असेल तर रीपर हे सॉफ्टवेअर बघा, ते 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं. स्टुडिओत द्यायचं तर शेवटची पातळी सारखी करायला द्या, बारा गाण्यांत एक मोठं एक बारीक असं होऊ नये म्हणून. साफ करायला देऊ नका.

भाच्यावर रागावू नका. त्याला जे शिकवलं ते त्याने आजीवर मायेने वापरलं. त्याचं ते तबल्याचं गाणं त्याच्या नावाने वेगळं ठेवा, आजीला आवडलं असेल तर पंचाहत्तरीला वाजवाही. आणि त्याला एक काम द्या, त्याच्या कोर्समध्ये बहुधा नसलेलं: तानपुऱ्यासमोर डोळे मिटून आजीचा गंधार ऐकायचा, पडदा बंद ठेवून.

पुढच्या खेपेला माहेरी गेलात की पंखा बंद, चार्जर बाहेर, कुकर आधीच उतरवलेला, बांगड्या काढून किंवा वर सरकवून. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. तानपुरा आईच्या एका कानात हेडफोनमधून. दुसरा कान मोकळा, नाहीतर तिला स्वतःचं गाणं ऐकू येणार नाही. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी खोलीचा रिकामा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, पुढे जोडांना लागेल. आईला आधीच सांगून ठेवा की या अर्ध्या मिनिटात बोलायचं नाही. ती बोलेलच. म्हणून एक मिनिट धरा.